आक्का अजून अध्यक्ष आहेत

आज शेतीचं बोलायचं नाही, आजाराचं नाही आणि कर्जाचंही नाही. आज मी इंग्रजीतल्या एका क्रियापदाबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका. या एका क्रियापदानं आमच्या गटाचा अख्खा उन्हाळा वाया घालवला. आमच्या अध्यक्षा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, ते वेगळंच. आणि चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझी होती.

मी गटाची सचिव. बारावी झालेली, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्याकडं. मराठी पत्राला मी घाबरत नाही. इंग्रजी पत्र आलं की मात्र पोटात गोळा येतो, पण तसं सांगायचं कुणाला? गटात सगळ्यांना वाटतं हिला येतंय.

झालं असं, की एका संस्थेकडून महिला गटांना सोलर ड्रायर मिळणार होता. कैरीच्या फोडी, शेवग्याचा पाला, कांदा, सगळं त्यात वाळतं, धूळ नाही, माशी नाही. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे गटाचे. अर्ज इंग्रजीत पाहिजे होता आणि सोबत गटाची माहिती सांगणारं एक पानभर पत्र. जानेवारी महिना होता. मी आधी मराठीत लिहून काढलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘आक्कांनी नऊ वर्षं अध्यक्ष म्हणून काम केलं आहे.’ मग शेजारी बसून एकेक शब्द इंग्रजीत उतरवला. काम केलं, म्हणजे ‘वर्क्ड’. नऊ वर्षं, म्हणजे ‘फॉर नाइन इयर्स’. वाक्य तयार झालं: ‘शी वर्क्ड ॲज चेअरपर्सन फॉर नाइन इयर्स.’ स्पेलिंग दोनदा तपासलं. वाचून मलाच बरं वाटलं.

फेब्रुवारीत उत्तर आलं. नव्या अध्यक्षांचं नाव कळवा, त्यांच्या निवडीचा ठराव जोडा, बँकेतल्या सह्या बदलल्याचा कागद जोडा. मी ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं आणि सतरंजीवर एकदम शांतता पसरली. नव्या अध्यक्ष? कोण नव्या? आक्का माझ्याकडं बघत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘पत्र तर हिनंच लिहिलं होतं ना?’

आता तुम्ही गटातल्या बायका आहात, तुम्हाला पुढचं सांगायला नको. कुणी म्हणालं हिलाच अध्यक्ष व्हायचंय. कुणी म्हणालं आक्का कमी शिकलेल्या, म्हणून संस्थेला नको असतील. आक्का चौथी शिकलेल्या. पण नऊ वर्षांत एक हप्ता चुकू दिला नाही त्यांनी. त्या दिवशी उठताना एवढंच म्हणाल्या, ‘मला काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतं गं.’

मी संस्थेला फोन लावला. पहिल्या दिवशी उचलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या वेळी एक मुलगी बोलली, मराठीच होती. ती म्हणाली, ‘ताई, तुमच्याच पत्रात लिहिलंय की त्या नऊ वर्षं अध्यक्ष होत्या. म्हणजे आता नाहीत ना?’ मी म्हटलं, ‘अहो, आहेत की! आत्ता अंगणात पापड घालतायत.’ तिला हसू आलं. मला रडू येत होतं. दुसरं पत्र पाठवलं, पण तोवर त्या वर्षाची यादी बंद झाली होती. कैरी झाडावर पिकून गेली. ड्रायर दिवाळीनंतर आला.

मग मी आमच्या हायस्कूलच्या निवृत्त बाईंकडं गेले. आम्हाला त्यांनी आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी माझं मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, ‘यात तू काय खाल्लंस?’ मी बघतच बसले. मग त्यांनी मराठी वाक्यातल्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. ‘आहे.’ काम केलं आहे. तो ‘आहे’ मी इंग्रजीत उतरवलाच नव्हता.

मैत्रिणींनो, सगळी गोम त्या ‘आहे’त आहे. जवळ पेन्सिल असेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहा, मी सावकाश सांगते. मराठीत आपण म्हणतो, ‘मी नऊ वर्षं काम केलं.’ ऐकणारीला वाटतं, केलं, आता सोडलं. आणि आपण म्हणतो, ‘मी नऊ वर्षांपासून काम करतेय.’ म्हणजे अजून चालू आहे. हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीतही तोच फरक आहे. ‘आय वर्क्ड फॉर नाइन इयर्स’ म्हणजे केलं, संपलं. ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर नाइन इयर्स’ म्हणजे करतेय, अजून चालू. चालू कामाला ‘हॅव’ लागतो. आक्कांबद्दल, म्हणजे ‘ती’बद्दल बोलायचं तर ‘हॅव’चा ‘हॅज’ होतो: ‘शी हॅज बीन वर्किंग.’ आम्ही, तुम्ही, त्या सगळ्या, यांना ‘हॅव’. एकटी ती, एकटा तो, किंवा आपला गट, याला ‘हॅज’.

‘हॅज वर्क्ड’ म्हटलं तर चालतं का? चालतं. ‘शी हॅज वर्क्ड हिअर फॉर नाइन इयर्स’ हे बरोबरच आहे आणि त्याचा अर्थही बहुतेक वेळा चालू असाच घेतात. पण वर्षं सांगितली नाहीत, नुसतं ‘शी हॅज वर्क्ड इन अ बँक’ म्हटलं, तर अर्थ होतो की कधीतरी केलंय, अनुभव आहे. म्हणून काम चालू आहे हे ठासून सांगायचं असेल तर मी ‘हॅज बीन वर्किंग’च लिहिते. लांब आहे, पण भांडण होत नाही. आणि अध्यक्षपदाबद्दल तर त्याहून सोपं वाक्य बाईंनी दिलं, त्यात काम हा शब्दच नाही: ‘शी हॅज बीन अवर चेअरपर्सन सिन्स 2016.’ त्या 2016 पासून आमच्या अध्यक्ष आहेत. माझ्या दुसऱ्या पत्रात हेच वाक्य गेलं.

आता या वाक्यात ‘फॉर’ नाही, ‘सिन्स’ आलं. इथं आपली दुसरी अडचण सुरू होते, कारण मराठीत दोन्हीला एकच ‘पासून’ आहे. नऊ वर्षांपासून. 2016 पासून. आपल्याला फरक वाटत नाही, इंग्रजीला वाटतो.

बाईंच्या दारात गाय बांधलेली होती. त्या म्हणाल्या, ‘ती खुंटी बघ आणि ते दावं बघ. खुंटी एका जागी ठोकलेली असते. दाव्याला लांबी असते, ते हातानं मोजता येतं. सिन्स खुंटीला लागतो, फॉर दाव्याला.’ 2016 ही खुंटी. सोमवार ही खुंटी. दिवाळी, संक्रांत, माझं लग्न, सकाळचे सात, सगळ्या खुंट्या: सिन्स मंडे, सिन्स दिवाळी, सिन्स सेव्हन ओ’क्लॉक. आणि नऊ वर्षं, तीन दिवस, दोन तास ही दावी आहेत: फॉर नाइन इयर्स, फॉर थ्री डेज, फॉर टू अवर्स. शंका आली की स्वतःला विचारायचं, हे मोजलं की ठोकलं? तेव्हापासून आमच्या गटात पोरीसुद्धा अभ्यास करताना ‘खुंटी का दावं’ असं ओरडतात. शाळेतल्या सरांना काय वाटत असेल कोण जाणे.

दोन खरी उदाहरणं देते, तुमच्या माहितीतलीच. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, 1975 साली स्थापन झालं. ते अजून आहे. म्हणून ‘माविम हॅज बीन वर्किंग विथ विमेन सिन्स 1975.’ आणि नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला 1992 साली सुरुवात केली. सुरुवात ही एकदाच होते, त्या वर्षी झाली आणि झाली. म्हणून तिथं ‘हॅज’ नाही: ‘नाबार्ड स्टार्टेड लिंकिंग ग्रुप्स टू बँक्स इन 1992.’ तसंच सावित्रीबाईंचं. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाईंनी तिथं शिकवलं. आज त्या नाहीत, म्हणून ‘सावित्रीबाई टॉट गर्ल्स इन पुणे.’ ‘हॅज टॉट’ म्हणता येत नाही. जे माणूस गेलं त्याच्या कामाला इंग्रजी ‘हॅज’ लावत नाही.

हे ऐकून आमच्या गटातली एक बाई गप्प झाली. तिचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘मग माझ्या लग्नाचं काय म्हणायचं?’ सवाष्ण बाई म्हणेल, ‘आय हॅव बीन मॅरीड फॉर ट्वेंटी इयर्स.’ वीस वर्षं झाली लग्नाला. तिला म्हणावं लागेल, ‘आय वॉज मॅरीड फॉर ट्वेंटी इयर्स.’ तिनं ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. व्याकरण शिकवताना एवढं जड वाटेल असं मला वाटलं नव्हतं. पण जिचं लग्न व्यवस्थित चालू आहे तिनं कुठल्या अर्जात ‘वॉज’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल घटस्फोट झाला. तेव्हा जपून.

सुरुवात या शब्दावरून आणखी एक. आपण बोलताना म्हणतो, ‘मी 2016 पासून गटात जॉइन आहे.’ मग इंग्रजीत होतं, ‘आय जॉइन्ड सिन्स 2016.’ हे बसत नाही. जॉइन होणं म्हणजे उंबरठा ओलांडणं, ते एका क्षणात होतं. त्याला दावं बांधता येत नाही. एक तर म्हणा ‘आय जॉइन्ड इन 2016’, नाहीतर म्हणा ‘आय हॅव बीन इन द ग्रुप सिन्स 2016.’ दोन्ही बरोबर, दोन्हीचं कडबोळं करू नका.

आणि ‘नऊ वर्षांपूर्वी’ म्हणताना आपण ‘बिफोर नाइन इयर्स’ म्हणतो, कारण पूर्वी म्हणजे बिफोर असं डोक्यात बसलंय. इंग्रजीत ते मागून येतं: ‘नाइन इयर्स अगो.’ ‘वी स्टार्टेड द ग्रुप नाइन इयर्स अगो.’ हा ‘अगो’ आला, किंवा ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन 2016’ आलं, की तिथं ‘हॅव’ला जागा नाही. काल हप्ता भरला: ‘वी पेड यस्टरडे.’ ‘वी हॅव पेड यस्टरडे’ नाही. नुसतं हप्ता भरलाय, एवढंच सांगायचं, कधी ते नाही, तर ‘वी हॅव पेड.’ पुन्हा बघा, मराठीतला ‘भरला’ आणि ‘भरलाय’ हाच तो फरक.

आता माझं स्वतःचं मत सांगते, बाईंना ते फारसं पटत नाही. सगळ्या चुका सारख्या नसतात. तुम्ही म्हणालात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’, तर ते चूकच आहे, परीक्षेत मार्क जातील. पण आपल्या देशात शिकलेसवरलेले लोकही असं बोलतात आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की बाई पाच वर्षांपासून काम करतेय आणि अजून करतेय. ‘फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स’चंही तसंच. बरोबर आहे ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’, आणि ‘फ्रॉम’ला पुढं ‘टू’ लागतो, जसं ऑफिस फ्रॉम टेन टू फाइव्ह. पण चुकलं तरी अर्थाचा घात होत नाही. याला मी लाजेची चूक म्हणते. ‘वर्क्ड’ची चूक तशी नाही. ती व्याकरणात बिनचूक असते, म्हणून कुणी तिच्यावर लाल रेघ मारत नाही. वाक्य देखणं असतं आणि अर्थ उलटा. ती नुकसानीची चूक. पहिली जमेल तेव्हा सुधारा, दुसरी आजच.

दवाखान्यात ही नुकसानीची चूक सगळ्यात वाईट. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मराठीतच बोला, तिथं इंग्रजीचा काही संबंध नाही. पण आमच्यातली एक मावशी लेकीकडं बंगळुरूला गेली होती. लेक-जावई कामावर, नातीला ताप. शेजारणीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरना मराठी येईना, हिला कन्नड येईना, हिंदी दोघांचीही तुटकी. मावशीनं धीर करून इंग्रजीत सांगितलं, ‘बेबी हॅड फीव्हर फोर डेज.’ डॉक्टरनी मान हलवली आणि आता काय त्रास आहे असं विचारायला लागले. त्यांना वाटलं ताप येऊन गेला. बाळाला हात लावल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. फोनवर सांगितलं असतं तर?

याचं अगदी बरोबर इंग्रजी आहे ‘शी हॅज हॅड फीव्हर फॉर फोर डेज.’ हॅज हॅड, दोन्ही लागोपाठ. हे आपल्या तोंडात बसायला कठीण, आणि लेकरू कढत असताना तर कुणाला आठवणार? म्हणून मी एक पळवाट सांगते, ती बाईंनाही आवडली. एका वाक्याची दोन करा. ‘द फीव्हर स्टार्टेड फोर डेज अगो. शी स्टिल हॅज इट.’ ताप चार दिवसांपूर्वी सुरू झाला. अजून आहे. ‘स्टिल’ म्हणजे अजून. हा शब्द मी तुम्हाला आजच्या दिवसाची शिदोरी म्हणून देते. कुठलंही वाक्य असो, आधी सुरुवात सांगा, मग ‘स्टिल’ लावून आजचं सांगा. ‘शी बिकेम चेअरपर्सन इन 2016. शी स्टिल इज.’ माझ्या पहिल्या पत्रात एवढं असतं तरी कैरी वाळली असती.

कुणी म्हणेल, आता फोन सगळं भाषांतर करून देतो. देतो की, मीही वापरते. पण फोनला तुम्ही काय सांगता त्यावर आहे. ‘आक्कांनी नऊ वर्षं काम केलं’ असं बोललात तर तो ‘वर्क्ड’च देणार, त्याला कुठं माहीत आहे आक्का अंगणात पापड घालतायत. म्हणून फोनला मराठीतच स्पष्ट सांगायचं, ‘आक्का नऊ वर्षांपासून अध्यक्ष आहेत आणि आजही आहेत.’ आणि आलेल्या इंग्रजीत ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ शोधायचा. तो दिसला नाही तर पत्र पाठवायचं नाही, आधी कुणाला तरी दाखवायचं. एवढं बघायला बारावी लागत नाही, अक्षरं लागली की पुरे.

एक राहिलंच. बँकेत जामीन राहताना किंवा मुलीच्या नोकरीसाठी दाखला देताना लिहावं लागतं, ‘मी हिला दहा वर्षांपासून ओळखते.’ ओळखणे म्हणजे ‘नो’. याला ‘नोइंग’ करत नाहीत. ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स.’ ‘आय न्यू हर’ लिहिलंत तर अर्थ होईल, ओळखत होते एकेकाळी. अशा दाखल्यावर कोण नोकरी देईल?

आक्का माझ्याशी बोलायला लागल्या, पण लगेच नाही. मी ते दुसरं पत्र बैठकीत मोठ्यानं वाचलं, एकेका शब्दाचा अर्थ सांगितला, पहिल्या पत्रात काय राहिलं होतं तेही सांगितलं. आक्का म्हणाल्या, ‘म्हणजे एका आहेपायी?’ मी म्हटलं, ‘हो आक्का, एका आहेपायी.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण जाताना पापडाची एक चळत माझ्या पिशवीत ठेवून गेल्या. तेव्हापासून इंग्रजीतलं कुठलंही पत्र बाहेर जायच्या आधी त्या ते वाचून घेतात. त्यांना इंग्रजी येत नाही, नुसतं कान देऊन ऐकतात.

ड्रायर येऊन दोन महिने झाल्यावर संस्थेला अहवाल पाठवायचा होता. या वेळी मी गटातल्या एका कॉलेजच्या पोरीला लिहायला बसवलं. तिनं झरझर लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘द ड्रायर वर्क्ड फॉर टू मन्थ्स.’ मी शेवग्याचा पाला निवडत होते, माझं लक्ष नव्हतं. आक्का चुलीपुढून म्हणाल्या, ‘थांब गं. हॅज कुठाय त्यात? दोन महिने चालला आणि बंद पडला म्हणून लिहितेस का?’